गाळ्यामागची माती

५ एप्रिल, रविवार
चाळीच्या विहिरीचा गाळ आज उपसून संपला. निर्माल्य, कुजके नारळ, फुटक्या तसबिरी, कुणाचा तरी अख्खा देव्हारा. इतकी वर्षं आपण हात जोडून तिच्यात घाण टाकत होतो. तरी तळाशी दोन झरे जिवंत! सकाळी कोरडा तळ, दुपारी गुडघाभर पाणी. कठडा धरून बघतच राहिलो. चिंचपोकळी स्टेशन हाकेवर, आणि खाली जमिनीत हे असं. वर आपण टँकरची वाट बघतोय.

सेक्रेटरी सावंतांना विहीर बुजवून गाड्या लावायच्यात. शालनताई म्हणाल्या, आधी पाणी तपासू. ठरलं: पास झालं तर धुण्या-आंघोळीला वापरायचं, नाहीतर बुजवायची.

८ एप्रिल
ताईंनी नमुने घेतले. दुसऱ्या मजल्यावरच्या या बाई पाणी तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्या, पण हात निवृत्त नाहीत. बाटल्या कुकरमध्ये उकळलेल्या, दोरीला दगड, बाटलीच्या तोंडाला बोट लागू दिलं नाही. सगळी चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती. धातू तपासायच्या बाटलीत ॲसिडचे थेंब टाकले. वास ओळखीचा. जेवण गेलं नाही. बायकोने, सुनंदाने, विचारलं, पित्त म्हटलं.

१९ एप्रिल, रविवार
रिपोर्ट आला. जंतू आहेत, ते गटार फुटल्यामुळे, दुरुस्त होईल. पण निकलही आहे, भरपूर. आंघोळ केली तर अंगाला खाज सुटेल.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी शेजारच्या मिलवर ढकललं. बंद पडलेली मिल काय भांडायला येणार? ताई एवढंच म्हणाल्या, "मिलच्या जमिनीतून येत असेल तर आपल्या हातात काही नाही, बुजवा. जवळून कुठून येत असेल तर तेवढी माती उचलता येईल." कुणाकडेच बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.



२० एप्रिल
इथे तरी खरं लिहितो. माझा गिलिटाचा गाळा विहिरीपासून पंधरा पावलांवर होता. समया, नळाच्या तोट्या, सायकलची हँडलं, सगळ्यांना निकल चढवायचो. चांगलं काम होतं, लांबून लोक यायचे. वापरलेलं हिरवं पाणी गटारात सोडलं तर इन्स्पेक्टरच्या डोळ्यांवर येई. म्हणून मागे खड्डा खणला आणि वीस वर्षं त्यात ओतलं. दसऱ्याला निकलच्या हौदाला हळदकुंकू. माती सगळं पोटात घेते, असं वाटायचं. घेते, पण ठेवून घेत नाही.

मी बोललो नाही तर विहीर बुजणार. बोललो तर तोंड कुठे लपवू?

सुनंदाला सांगितलं. तिने तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "ताईंकडे तुमी जातल्यात, की मी जाव?"

२१ एप्रिल
ताईंकडे गेलो. सांगितलं. वाटलं, झाडतील. त्यांनी वही उघडली. "खड्डा किती खोल होता?"

पुरुषभर, म्हटलं. कुठे, किती लांब, पावसाळ्यात भरायचा का, सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, ताई, तुम्हाला माहीत होतं. संशय होता म्हणाल्या. मग घरातली समई दाखवली. माझ्याच हातची, अजून लखलखीत. म्हणाल्या, "चकाकी आम्ही घरात आणली, अण्णा. उरलेलं कुठे जातं ते आम्ही तरी कधी विचारलं?"

जिने उतरताना रडू आलं. एवढं मोठं मन कुठून आणतात ही माणसं.

२६ एप्रिल, रविवार
मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं. सावंत बोलले, बोलणारच. पलीकडच्या खोलीतल्या परब मामी माझ्याकडे बघेनात. ताईंनी नोंदीत लिहिलं: गाळ्याच्या मालकाने स्वतःहून सांगितले. "स्वतःहून" हा शब्द सावंतांना काढायचा होता. ताईंनी ठेवला. माती उचलून पाणी पुन्हा तपासायला एक महिना मुदत मिळाली.

३ मे, रविवार
गाळ्यामागे खणलं. हातात मोजे, नाकाला फडकं. कमरेएवढं गेल्यावर माती हिरवट लागली. माझी मलाच शिसारी आली. सावंत म्हणाले, डंपरवाला आहे ओळखीचा, लांब कुठेतरी टाकेल. ताईंनी आज पहिल्यांदा आवाज चढवला. "कुठेतरी म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी विहीर." केमिकलचा कचरा रीतसर नेणारी गाडी येईपर्यंत पोती झाकून ठेवली. एक पोतं सावंतांनी स्वतः उचललं. हे मात्र लिहायलाच हवं.

१० मे, रविवार
पोती गेली. विहीर दोनदा पूर्ण उपसली, झऱ्यांनी दोनदा भरली. काय चिकाटी आहे त्या पाण्याची. नमुना आज मी घेतला. ताई बाजूला उभ्या. दोनदा बोट लागलं, दोनदा बाटली बाद केली त्यांनी. तिसऱ्यांदा जमलं.

२० मे
रिपोर्ट. निकल निम्म्यावर. म्हणजे नापासच. मुदतीला सहा दिवस उरलेत.

ताईंना म्हटलं, संपलं आता. त्या चष्मा पुसत होत्या. "वीस वर्षं ओतलंत, अण्णा. एका रविवारात निघेल असं का वाटलं तुम्हाला?"

कुदळीचा दांडा हलतोय. उद्या सकाळी लालबागला जाऊन नवा बसवून आणायचा.