एकोणीस वर्षं तिने केलं काय

३ फेब्रुवारी
कोर्ट बायकांचंच ऐकतं. माझे वकील म्हणतात तसं काही नसतं. त्यांचा अनुभव कमी असावा. माझा मुद्दा साधा: घर सोडून गेलेल्या बायकोला पोटगी कशाबद्दल? एकोणीस वर्षं घरात तिने केलं काय? आता पुरावाच देतो. उद्यापासून रजा. घर आणि अंथरुणाला खिळलेली आई एकट्याने सांभाळणार, मिनिटं लिहून ठेवणार. अंदाज: रोज चाळीस मिनिटं.

४ फेब्रुवारी
गोळ्या, अंग पुसणं, पथ्याचं जेवण, चादरी. पाच तास वीस मिनिटं. पहिला दिवस धरायचा नसतो.

५ फेब्रुवारी, पहाटे ५.३०
स्वयंपाकघरात बायको खोकली. तिचाच तो कोरडा खोकला. उठून पाहिलं, कोणी नाही. पाइपात हवा अडकली असणार.

९ फेब्रुवारी
सहा तास दहा. आई सारखी सुनेलाच हाक मारते. मी ओ दिली तर म्हणते, तू ऑफिसला जा. प्लंबर म्हणाला, पाइप ठणठणीत आहेत. त्याला काय कळतंय!

१२ फेब्रुवारी
वकिलांनी नोंदी पाहून हात जोडले. म्हणाले, ही वही कोर्टात आणू नका, समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत द्याल. म्हणजे पद्धत बरोबर, आकडे चुकले. आईसाठी दिवसभराची बाई ठेवली.

३ मार्च
जिंकलो! जज म्हणाले, बाई पदवीधर आहेत, धडधाकट आहेत, कमावू शकतात. घरकाम काय, सगळ्याच करतात. पोटगी ठरली ती दिवसभराच्या बाईच्या पगाराच्या निम्मी. आणि म्हणे कोर्ट बायकांचं! असो, अपवाद असेल. बाहेर तिने एवढंच विचारलं, डॉक्टर आईंची सकाळची गोळी बदलणार होते, बदलली का? मी हो म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

७ मार्च
बाई काम सोडून गेली. म्हणाली, एवढ्या पैशात हे सगळं कोण करेल? एक नाव लगेच आठवलं.

९ मार्च, पहाटे ५.३०
पुन्हा खोकला. उठलो नाही. भीती वाटली. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.

१० मार्च
आईचं अंग पुसत होतो. तिचे डोळे मिटलेले. माझा हात धरून म्हणाली, सूनबाई, फार केलंस गं माझं. आता तू जा. इथे राहून तुझं काय भलं झालं? त्याची काळजी करू नकोस, तू गेल्याचं त्याच्या लक्षातसुद्धा यायचं नाही. मी कोण ते सांगायला तोंड उघडलं. मग आवाज बारीक करून म्हटलं, हो आई. तिने हात सोडला, समाधानाने झोपली. क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं. पण जायचं तिने सांगितलं होतं ते मला नव्हे. पाणी गार झालं होतं. पाय पुसायचे राहिले होते.