स्वयंपाकघरातून जाणारी वाट

मी, बाजारगल्लीत शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्यांची विधवा, वय एकाहत्तर, डोके ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना, कोणाच्या धाकाने वा गोडीगुलाबीने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवते. वाचायला मी लग्नानंतर शिकले, तेही गल्लीतल्या पाट्यांवरून. कायद्याची भाषा कुठे अडखळली तर अर्थ धरावा.

१. बँकेतली ठेव व दागिने मुलीचे. पुस्तकेही तिचीच, वाचणार नसेल तर वाचनालयाला द्यावीत, रद्दीत घालू नयेत.

२. ह्यांची हत्यारे समोरच्या शिंप्याला. शेजारच्या भांडीवाल्याने मागितली तरी देऊ नयेत. आमच्या पायरीवर बादल्या मांडायचा आणि वर मलाच म्हणायचा, "वहिनी, जरा बाजूने जा."

३. दुकानातला स्टूलही शिंप्यालाच. त्यावर नगररचनाकार बाई बसायची. गल्ली ओस पडत चालली तेव्हा नगरपालिकेने तिला नेमले. तिने गाड्या बंद केल्या, फरशी घातली, झाडे लावली, बाके ठेवली. काम चांगले केले, नाकारत नाही. पण ती रोज दुकानात यायची, आणि जेवताना माझ्याशी "मीठ" एवढेच बोलणारे हे तिच्याशी तासन् तास बोलत. हसतसुद्धा. मी पडद्यामागे कपबशा विसळत ऐकायची. ह्यांना इतके बोलता येते, हे मला त्या वयात कळले. तिला माझ्याकडून काहीही मिळू नये.

४. आता जागेचे. गल्ली लांबलचक, मधून आत शिरायला वाट नाही, आणि बसथांबा मागच्या रस्त्यावर. पुढून मागपर्यंत पोहोचणारी जागा एक आमचीच, पुढे दुकान आणि मागे माझे स्वयंपाकघर. म्हणून आमच्यातून लोकांसाठी वाट काढायची, असे त्या दोघांनी परस्पर ठरवले. माझ्या ओट्याची मापे ह्यांनी तिला दिली, शब्दही दिला. मला विचारले नाही. हे गेले आणि मी नकार दिला. आज गल्लीची दोन्ही टोके गजबजली आहेत, मधली दुकाने माश्या मारत बसली आहेत.

बाई अजून येते. परवाही आली.

"काकू, काकांनी मला शब्द दिला होता."

"मी तुझी काकू नाही. आणि शब्द त्यांनी दिला, पण ओटा माझा आहे."

ती गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आता कसला जळफळाट?"

"गेले म्हणून काय झालं? नवरा तो माझाच."

मुलगी हसली. मी हसले नाही.

तर माझ्या मागे दुकानाची उजवी बाजू मुलीला, आणि डावी बाजू व सबंध स्वयंपाकघर नगरपालिकेला द्यावे, फक्त वाटेसाठी. तिथे दिवा चांगला लावावा. मी जन्मभर अंधारात रांधले. पाटी कोणाच्याच नावाची नको. ओटा फोडताना बाईने तिथे उभे राहू नये.

हे मी गल्लीसाठी करत नाही. शिंप्याचे भले झाले तर होवो. ह्यांचा एक शब्द त्या बाईकडे शिल्लक आहे, आणि तो घेऊन ती माझ्या दारात येते. पहिला माणूस त्या वाटेने पलीकडे गेला की तो शब्द पुरा होईल. मग ह्यांचे तिच्याकडे काही राहणार नाही.

ठिकाण: वर लिहिलेले स्वयंपाकघर
दिनांक: नऊ मार्च, सोमवार
सही: शिवणयंत्रवाल्यांची बायको

साक्षीदार (शिंप्याला घेतले नाही, ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वाचले आहे):
१. वाचनालयातल्या बाई — सही
२. कोपऱ्यावरचे डॉक्टर — सही. आमच्यासमोर सही केली. हात स्थिर होता.