रुक्माच्या आईचं काय करायचं

९ नोव्हेंबर २००४, चँडलर

काय लोक आहेत एकेक! कादंबरीचा दहावा भाग साइटवर टाकून आंघोळीला गेले, येऊन बघते तर प्रतिक्रियांची रांग. न्यू जर्सीचा तो 'खडूस' म्हणतो, इतकी महाग जादू कोण करेल, मी तर नसती केली बुवा. डेट्रॉइटच्या इंजिनिअरसाहेबांचा आक्षेप वेगळा — रुक्मा साधी डोकेदुखी बरी करते तेव्हाही एक माणूस तिला विसरतं, आणि कॅन्सर बरा करते तेव्हाही एकच, हे गणित बसत नाही. अहो, नाहीच बसत! तेच तर म्हणायचंय मला. किंमत काय कामाच्या मापानं लागते?

आणि 'गवतफूल' नावाची एक बाई आहे. ती फारसं बोलत नाही. आज एवढंच लिहिलंय — रुक्माच्या आईला हात लावू नका, बाकी कोणालाही विसरायला लावा.

मी उत्तर नाही दिलं. आई सगळ्यात शेवटी विसरणार हे मी जुलैतच ठरवून ठेवलंय. पहिला भाग लिहिला त्याच दिवशी.

१२ नोव्हेंबर

शैलेंद्रनं आज पहिल्यांदा माझी कादंबरी वाचायला घेतली. दोन पानं वाचली आणि विचारतो, "ही फिनिक्समध्ये टॅक्सी चालवते, मग हिला वर्क परमिट कसं मिळालं?"

हसावं की रडावं! नवरा चांगला आहे माझा, पण डोक्यात चोवीस तास व्हिसा. बायकोला नवऱ्याच्या व्हिसावर राहायची मुभा आहे, काम करायची नाही. नागपूरला कॉलेजात शिकवत होते मी. इथे चार वर्षं झाली, भांडी घासते आणि खिडकीतून शेजाऱ्याच्या अंगणातली खडी बघते. गाडी येते, पण फ्रीवेवर चढताना हातपाय गार पडतात. म्हणून तर रुक्माला टॅक्सी दिली. जायचं तिथे जाते बाई. मागच्या सीटवर कोणी कण्हत असलं की वळून हात ठेवते आणि ते माणूस बरं होतं. आणि तिच्या ओळखीचं कोणीतरी एक त्याच क्षणी तिला कायमचं विसरतं. कोण, ते तिच्या हातात नाही.

साइटवर माझं खरं नाव नाही. बरंच आहे.

२२ नोव्हेंबर

धाकट्या भावाचा, अनिलचा फोन. आई बर्डीच्या बाजारातून घरी येताना वाट चुकली. जन्म गेला त्या रस्त्यावर तिचा! कोणाच्या तरी फाटकापाशी पायरीवर बसून होती. एका कॉलेजच्या मुलीनं घरी आणून सोडलं. पत्ता विचारला तर आईनं माहेरचा सांगितला, पुलगावचा.

अनिल म्हणाला, गेले काही महिने चाललंय असंच, तुला मुद्दाम बोललो नाही ताई, तू तिकडे काय करणार. डॉक्टरांनी नाव सांगितलंय. ते नाव मला इथे लिहायचं नाही.

मग आई फोनवर आली. अगदी नेहमीसारखी. भाजीला काय केलंस, थंडी किती आहे, शैलेंद्ररावांचा खोकला गेला का. मी मनात म्हटलं, बघा, काही नाही झालेलं. आणि ठेवता ठेवता माझ्याचबद्दल मला विचारते, "अहिल्या आली का गं शाळेतून?"

२३ नोव्हेंबर

जुलैपासून. अनिलनं नीट आठवून सांगितलं — पहिल्यांदा लक्षात आलं ते जुलैत.

२ डिसेंबर

वेडेपणा आहे, कळतंय मला. एम.ए. झालेली बाई मी, कथा लिहिल्यानं कोणाची आई आजारी पडत नाही. पण दुकानदार रुक्माला विसरला तो भाग आणि आई दूधवाल्याला विसरली ती तारीख पुढेमागेच आहे. मैत्रीण विसरली, आणि आईनं समोरच्या दंडिगेकाकूंना 'तुम्ही नवीन राहायला आलात का' विचारलं. मी एकेक माणूस पुढे सरकवत होते आणि तिकडे एकेक दिवा जात होता.

शैलेंद्रला सांगितलं तर म्हणाला, "असं काही नसतं गं." चहा करून दिला. नंतर अंगणात जाऊन एकटाच उभा राहिला बराच वेळ.

६ डिसेंबर

नागपूरला जायचं म्हटलं. तर तेही सरळ नाही. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. गेले तर नवा शिक्का मिळाल्याशिवाय परत येता येणार नाही, आणि शैलेंद्रच्या मुदतवाढीचे कागद आल्याशिवाय शिक्का मिळणार नाही. त्याच्या ऑफिसातल्या रवीची बायको भावाच्या लग्नाला गेली ती अजून तिकडेच आहे. फोनवर रडते म्हणे.

"कागद येऊ देत, लगेच जा," शैलेंद्र म्हणतो. कधी येतील? कोणी सांगत नाही. आईला कोण सांगणार, की थांब, कागद येऊ देत, तोवर विसरू नकोस?

२० डिसेंबर

तेरावा भाग टाकला. रुक्माच्या ओळखीचं आता कोणी उरलं नाही, फक्त आई. आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर एक तापलेलं बाळ.

तिथेच थांबले. हात पुढे जाईना.

१६ जानेवारी २००५

प्रतिमाकाकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. इथल्या सगळ्या बायकांच्या त्या काकू. घर मोठं, मन मोठं, तोंड त्याहून मोठं. तिळगूळ वाटता वाटता विषय निघाला तो माझ्याच कादंबरीचा! निम्म्या जणी वाचतात. मी वाटीतले तीळ मोजत बसले.

एकीला रुक्मा फार सोशीक वाटते. दुसरीला वाटतं की बाळाला वाचवू नये, त्याला त्याची आई आहे की. प्रतिमाकाकू म्हणाल्या, "ही लिहिणारी ना, एकटी बाई असणार. मूलबाळ नसणार. लेकुरवाळी असती तर आईला विसरायला लावायचं मनात तरी आणलं असतं का?"

सगळ्या हो हो म्हणाल्या. मीसुद्धा मान हलवली. मूलबाळ नाही ते खरंच आहे. वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला. घरी येऊन तो मागच्या फडताळात टाकला आणि रडले. काकूंचा राग नाही आला — भीती वाटली. त्यांना सगळं कळलंय असं वाटलं.

१७ जानेवारी

आज देवापुढे बसले. आजी बसायची तसं, पदर घेऊन, ड्रेसवर ओढणीचा का होईना. नवस बोलले. लोक काहीतरी करीन म्हणून बोलतात, मी न करण्याचा बोलले — चौदावा भाग लिहिणार नाही. कधीच नाही. तू तेवढं माझं नाव तिच्याजवळ राहू दे.

शैलेंद्रला नाही सांगितलं.

४ फेब्रुवारी

वाचक खवळलेत. पुढचा भाग कुठाय, लेखिका झोपल्या का, अर्धवट सोडायचं तर सुरू कशाला करायचं. 'खडूस' म्हणतो, किंमत चुकवायची वेळ आली तशी बाई पळाल्या. बोल बाबा, बोल! तुझी आई धडधाकट असेल.

गवतफूल गप्प आहे.

९ फेब्रुवारी

आज आईनं ओळखलं! फोन उचलल्या उचलल्या, "अहिल्या, किती दिवसांनी गं." अगदी खणखणीत. भांडलीसुद्धा, नेहमी फोन करत नाहीस म्हणून. किती बरं वाटलं ते भांडण!

नवस पावला. दुसरं काय?

१० फेब्रुवारी

साखर-खोबरं ठेवलं देवापुढे. शैलेंद्र विचारत होता, आज काय आहे. काही नाही म्हटलं.

२७ फेब्रुवारी

आज आई मला 'रत्ना' म्हणाली. रत्नामावशी, तिची बहीण, जाऊन वीस वर्षं झाली. "रत्ना, तू बरी आहेस ना तिकडे?" असं विचारलं.

बरी आहे म्हटलं. काय म्हणणार!

८ मार्च

आज ओळख नाही. 'कोण बोलताय' विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत रिसीव्हर अनिलकडे दिला.

पण मी एक अक्षर लिहिलेलं नाही! एक ओळ नाही! मग का?

१३ मार्च

सकाळी अनिलशी भांडण झालं. भांडण म्हणजे मीच भांडले. तिकडे संध्याकाळ, टीव्हीचा आवाज मागे. आईला नीट औषध देत नाहीस, तिला माझा फोटो दाखवत नाहीस, मुद्दाम विसरू देतोस — काय वाट्टेल ते बोलले. तो ऐकून घेत होता. लहानपणापासून तसाच आहे.

मग म्हणाला, "ताई, चौदावा भाग कधी टाकतेस?"

याला कसं कळलं? तर म्हणे पहिल्याच भागात कळलं. बोर्नव्हिटाच्या डब्यात बांगड्या ठेवणारी आणि गॅसवाल्याला 'भाऊसाहेब' म्हणणारी आई आपल्याशिवाय कोणाची आहे? ऑफिसातून कागदांवर छापून आणतो आणि रोज जेवणाआधी आईला वाचून दाखवतो. जुलैपासून! तिला बाकी काही राहत नाही, जेवली की नाही तेही नाही, पण रुक्मा राहते. डिसेंबरपासून रोज विचारते, त्या टॅक्सीवालीचं पुढे काय झालं. तो तेच तेच जुने भाग वाचतो. मध्ये एकदा स्वतःच्या मनानं पुढचं सांगायला गेला, तर आईनं हटकलं. हे तिचं नाही म्हणाली, तू आपल्या मनचं सांगून राहिलास.

मग मी त्याला नवसाचं सांगितलं. फोनकार्डाची बाई मध्येच इंग्रजीतून मिनिटं संपत आल्याचं सांगून गेली.

"तुझ्या न लिहिण्यानं काही थांबलं नाही, ताई," तो म्हणाला. "फक्त तिची गोष्ट थांबली."

१४ मार्च

दिवसभर राग. अनिलवर, देवावर, त्या गवतफूलवर. आणि मग सगळ्यात जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं, की जवळजवळ तीन महिने ती रोज विचारत होती आणि मला वाटत होतं, मी तिला वाचवतेय.

शैलेंद्रला सगळं सांगितलं. नवस, कादंबरी, अनिल. तो हसला नाही. वर्क परमिटचंही बोलला नाही. "लिही," म्हणाला. "स्वयंपाकाचं मी बघतो." आणि पिठलं केलं, गुठळ्यांचं. गपचूप खाल्लं.

१९ मार्च

लिहिला. नवस मोडला. देवाला सांगून मोडला.

रुक्मा बाळाच्या कपाळावर हात ठेवते. ताप उतरतो. मग टॅक्सी घेऊन घरी जाते, बेल दाबते. आई दार उघडते, तिच्याकडे बघते आणि विचारते, 'कोण पाहिजे?'

तिथे 'समाप्त' लिहिलं. लिहिताना इतकी रडले की शैलेंद्रनं येऊन कीबोर्ड पुसला.

२१ मार्च

अपेक्षेप्रमाणे जोडे. शेवट फसला, शेवट जमला, शेवट आधीच कळला होता. इंजिनिअरसाहेबांना बाळाचं पुढे काय झालं ते हवंय. 'खडूस' म्हणतो, मानलं बाई तुम्हाला, पण पुन्हा वाचणार नाही, आईला फोन करायला उठलो. गवतफूलनं लिहिलं — हात लावू नका म्हटलं होतं ना. माझी आई मागच्या महिन्यात गेली. शेवटपर्यंत ओळखत होती, तरी गेलीच.

तिला काय लिहू?

अनिल म्हणाला, आज जेवणाआधी वाचतो. उद्या फोन कर.

२२ मार्च

केला. आईनंच घेतला. मला ओळखलं नाही. अनिलनं मागून सांगितलं असावं, अमेरिकेहून फोन आहे म्हणून. म्हणाली, "अहो बाई, तुम्ही तिकडेच असता, तर त्या गोष्ट लिहिणारीला माझा निरोप सांगाल का? बाकी सगळं छान लिहिलं म्हणावं, पण शेवट चुकला. ओळखत नसली म्हणून काय झालं? दारात उभ्या पोरीला 'आत ये' म्हणायला ओळख कशाला लागते?"

सांगते म्हटलं. मग म्हणाली, "आवाज रडका येऊन राहिला तुमचा. एकट्याच असता का तिकडे? या ना एकदा नागपूरला. घर आपलंच समजा."

येते म्हटलं.

शैलेंद्रला सांगितलं, तिकीट काढ, या आठवड्यातलं. परत कधी येता येईल माहीत नाही. त्यानं माळ्यावरून बॅग काढून दिली.