अकरा कोरडे सोंगक्रान

२ एप्रिल, मंगळवार
ठरलं. यंदा सोंगक्रानला, म्हणजे इथल्या थाई नववर्षाच्या पाणी उडवण्याच्या सणाला, सासूबाईंच्या गावी जायचं. पाण्याला भिऊन घरात बसणारा माणूस मी नव्हे. अठ्ठावीस वर्षं नेदरलँड्समध्ये बंधाऱ्यांच्या खात्यात काढली. आख्खा समुद्र अडवून धरलाय. इथे तर नुसत्या बादल्या.
बुआफानला उद्या सांगेन. बायकोला आनंद जरा बेताबेताने द्यावा.

३ एप्रिल, बुधवार
सांगितलं. ती लसूण ठेचत होती. "बघू," म्हणाली. बारा वर्षांच्या संसारात एवढं कळतं की तिचं "बघू" म्हणजे आवरून धरलेला आनंद.
थोड्या वेळाने खलबत्ता बाजूला सारून म्हणाली, आईच्या किडन्या गेल्यात. डॉक्टर पावसाळ्यापर्यंतचं बोलतायत. "येणार असशील तर ये, हान. पण नुसतं येतो-येतो म्हणू नकोस."
मी काय तसला माणूस आहे?
लसूण पुन्हा सुरू. जरा जोरातच.

५ एप्रिल, शुक्रवार
अकरा वर्षं का गेलो नाही, ते एकदा निःपक्षपातीपणे नोंदवून ठेवतो.
२०१२. लग्नानंतरचं पहिलं सोंगक्रान. सासूबाई ओट्यावर, गाव रांगेत. धाकट्यांनी थोरांच्या हातांवर सुगंधी पाणी घालायचं, वर्षभरातल्या चुकांची माफी मागायची, थोरांनी आशीर्वाद द्यायचा. सुंदर प्रथा. मी सगळीकडे सांगत असतो. माझा नंबर आला आणि मेहुण्याने, इंथोनने, मागून आख्खी बादली ओतली. कानातलं यंत्र गेलं. मी काहीतरी बोललो. मोठ्याने बोललो असेन. यंत्र गेल्यावर आपला आवाज आपल्याला कळत नाही. सासूबाईंसमोरचं चांदीचं भांडं माझ्या पायाला लागलं. म्हणजे, पाय भांड्याला लागला. थोडक्यात, उलटलं. मग मी निघून आलो.
त्यानंतर मी जाणीवपूर्वक अंतर राखलं. त्यांनाच संकोच वाटायला नको. एका वर्षी गुडघा होता, एका वर्षी वणव्यांचा धूर, दोन वर्षं तर कोरोनाच. बाकीच्या वर्षांचं आठवत नाही.
मनात काही नाही. सासूबाईंच्याही नसणार.

७ एप्रिल, रविवार
कॉफीच्या दुकानात टेरेन्स आणि सोलांज. विषय अर्थातच पाणी.
टेरेन्स ऑस्ट्रेलियन, चियांग माईत वीस वर्षं. त्याच्या मते हा सण म्हणजे तीन दिवसांचा दंगा. रस्त्यावर माणसं मरतात आणि लोक हसतात. तो दरवर्षी समुद्रकिनारी पळतो. यंदाही तेरा तारखेला सण सुरू व्हायच्या आत पळणार.
सोलांज फ्रेंच, वय एकाहत्तर. फुलाफुलांचा शर्ट घालून तिन्ही दिवस जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या काठी उभी असते. टेरेन्सने तिला विचारलं, या वयात लाज नाही वाटत का? ती म्हणाली, "बाराही महिने मला कुणी हात लावत नाही रे. त्या तीन दिवसांत अनोळखी पोरीसुद्धा गालांना पावडर फासून जातात."
 टेरेन्सने साखर ढवळली. तो साखर घेत नाही.
मी म्हणालो, माझी भूमिका मधली आहे. दोघांनाही ती विशेष महत्त्वाची वाटली नाही.

९ एप्रिल, मंगळवार
माफीचं वाक्य पाठ केलं. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर पोटात घाला." उत्तरेकडच्या बोलीत. तीस वेळा.
गल्लीच्या तोंडाशी शेवया विकणाऱ्या पा नोईला म्हणून दाखवलं. तिने पळी खाली ठेवून नीट ऐकलं. "शब्द बरोबर आहेत, लुंग हान. पण तुम्ही माफी मागताय की पोलिसांत तक्रार देताय?"
लुंग म्हणजे काका. माझं हार्मेन हे नाव इथे कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून हान. हान म्हणजे राजहंस, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आज पा नोईने खुलासा केला: राजहंस नाही, अंगणात पाळतात तो. माणूस दिसला की मान ताणून चावायला धावतो तो.
प्रेमाने म्हणत असणार.

११ एप्रिल, गुरुवार
बुआफान गावी गेली. मलाही चल म्हणत होती. "आज रस्ते कोरडे आहेत. आजच चल ना."
पण उद्या कानाच्या यंत्राची तपासणी आहे. यंत्र नीट नसेल तर सासूबाईंचा आशीर्वाद ऐकू कसा येणार? मुद्दा तिला पटला. काही बोलली नाही, यावरून समजलं.
तेराला सकाळी साडेसहाची, सासूबाईंच्या गावाकडे जाणारी फ्रावची बस. लोक उठून बादल्या भरेपर्यंत मी डोंगर ओलांडलेला असेन.

१२ एप्रिल, शुक्रवार
यंत्राचं दुकान सोंगक्रानसाठी बंद. त्यांनी हे फोनवर सांगितलं होतं म्हणे. तेव्हा यंत्र कानात नसणार.
म्हणजे काल जाता आलं असतं. असो. एकदा ठरलं की ठरलं, बस उद्याचीच.

१३ एप्रिल, शनिवार
पहाटे ५.४०. नवा पांढरा शर्ट. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. वाक्य तोंडपाठ. उत्साह भरपूर.
सकाळी ६.२५. घरी परत. गल्लीच्या तोंडाशी पा नोई वाटी घेऊन उभी होती. एकच वाटी. खांद्यावरून हळूच पाणी सोडलं, फुलांचा वास होता, आणि म्हणाली, "नवं वर्ष सुखाचं जावो, लुंग हान." नाही कसं म्हणणार? शर्ट ओला झाला. ओल्या शर्टाने बसमध्ये बसणं बरं दिसत नाही. बदलून निघतो.
सकाळी ६.५०. शर्ट बदलला. बस गेली.
सकाळी १०. रस्ते बंद. खंदकाकडून ढोल, किंकाळ्या, गाणी. बुआफानचा फोन. कुठवर आलास? मी म्हटलं, वाटेत आहे, रेंज येत नाहीये. हे अगदीच खोटं नाही. मनाने मी वाटेतच आहे.
ती फक्त "बरं" म्हणाली.

१४ एप्रिल, रविवार
आज वान नाव, सणाचा दुसरा दिवस. आज शिवी दिली की वर्षभर तोंड घाण राहतं, असं मानतात. स्कूटरने जायचं ठरवलं. रेनकोट, पोहण्याचा चष्मा, हेल्मेट. या पोशाखाला कुठल्याच बाजूने फट नाही.
दुपारी १. चांग फुअक वेशीपाशी एका पिकअपमधून बर्फाचं पाणी, सरळ तोंडावर. चष्म्यात शिरलं. काही दिसेना. मी करकचून ब्रेक दाबला. मला काही झालं नाही. मागून येणाऱ्या बाईने मला चुकवायला गाडी वळवली आणि ती पडली. कोपर सोलून निघालं. हातात कमळाच्या कळ्यांचा जुडा होता, देवळात नेत असावी. कळ्या रस्त्यावर.
मी शिव्या दिल्या. डच संपल्यावर थाईत दिल्या.  कुणीतरी गाणं बंद केलं. पिकअपवाले उड्या टाकून उतरले, तिच्यापुढे हात जोडले, तिला उचलून गाडीत बसवलं, दवाखान्यात नेलं. गाडीत चढताना ती माझ्याकडे बघून हसली. "काही नाही झालं हो, तुम्ही घाबरू नका."
चूक पाण्याची.
रात्री ८. चूक पाण्याची आणि ब्रेकची. ब्रेक मी दाबला हे खरं. तिचं नाव विचारायला हवं होतं. कळ्या तरी उचलून द्यायला हव्या होत्या.
बुआफानला फोन केला नाही.

१५ एप्रिल, सोमवार
फाया वान. मुख्य दिवस. आज सासूबाईंच्या ओट्यावर रांग लागली असेल. सगळे विचारत असतील, जावई कुठे अडकला? माझी जागा रिकामी ठेवली असेल.
ऊन उतरल्यावर जीव घरात रमेना. मागच्या गल्लीतून, भिंतीला धरून, टेरेन्सच्या घराकडे गेलो. तो नाहीये हे ठाऊक होतं. झाडांना पाणी घालू म्हटलं. पडदे ओढलेले, आत टीव्हीचा आवाज. दार वाजवलं. आवाज बंद. पुन्हा वाजवलं. टेरेन्सने फटीतून पाहिलं.
तो कधीच समुद्रावर जात नाही. वीस वर्षांत एकदाही गेलेला नाही. डबाबंद मासे आणून ठेवतो आणि तीन दिवस दार लावून बसतो.
बिअर दिली.  मग म्हणाला, "इतर दिवशी मी इथलाच आहे असं धरून चालता येतं. हे तीन दिवस नाही चालता येत. त्यांना घरी जायचं असतं. सगळ्या देशाला कुठेतरी जायचं असतं."
मी म्हणालो, मलाही जायचंय. माझी तिकडे वाट बघतायत.
"मग इथे काय करतोयस?"
टेरेन्स पूर्वीपासूनच थोडा फटकळ आहे.

१६ एप्रिल, मंगळवार
बुआफान फोन उचलत नाही. सहा वेळा केला. उद्या जाणार. उद्या रस्ते कोरडे असतील. तसा कोरड्या रस्त्यांशी माझ्या जाण्याचा काही संबंध नाही.

१८ एप्रिल, गुरुवार
हे नीट लिहून काढायला हवं.
काल दुपारी फ्रावला उतरलो. फाटकातच इंथोन भेटला. घट्ट मिठी मारली, पाठ थोपटली. "अरे हान! कधी उतरलास? विमानात झोप लागली का रे?" चेष्टा करतोय असं वाटलं. मी हसलो. त्याची बायकोही विचारू लागली, तिकडे बर्फ वितळलं का? मी पुन्हा हसलो. बुआफान स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसत नव्हती.
सासूबाई ओट्यावर, उशांना टेकून. इतक्या लहान झाल्यात. हात म्हणजे नुसत्या काड्या. ओट्यावर रिकामी ठेवलेली जागा वगैरे काही नव्हती.
बुआफानने पाण्याची वाटी माझ्या हातात दिली. मी गुडघे टेकले, त्या हातांवर पाणी घातलं, वाक्य सुरू केलं. कळत-नकळत काही चुकलं असेल तर...
"तू कसली माफी मागतोस रे पोरा?" सासूबाईंनी माझे ओले हात धरले. "दर सोंगक्रानला एवढा समुद्र ओलांडून म्हाताऱ्या आईकडे जातोस. मी या सगळ्यांना ऐकवते. परका असून त्याला कळतं, आणि तुम्हाला बँकॉकहून येववत नाही? कशी आहे आई?"
माझी आई २०१४ मध्ये गेली. नोव्हेंबरात. मी अंत्यविधीलाही गेलो नव्हतो. का, ते त्या वेळच्या वहीत असेल.
बुआफान जमिनीकडे बघत होती. एवढंच आठवतंय, तिचा अंगठा जमिनीवर काहीतरी गिरवत होता.
"बरी आहे," मी म्हणालो. "तुमची आठवण काढते."
त्यांचा चेहरा खुलला. मनगटाला दोरा बांधला, पुटपुटत बराच वेळ आशीर्वाद दिला. यंत्र कानात होतं. सगळं ऐकू आलं. मग एकदम म्हणाल्या, यंदा तिला सोडून इतक्या लवकर का आलास? माझ्यासाठी? वेडा आहेस का? "माझ्याजवळ माझी लेक आहे. तिच्याजवळ कोण आहे? जा, परत जा." वाळवलेल्या लामयाई फळांचं पुडकं मागवलं, माझ्या मांडीवर ठेवलं. "हे दे तिला. दात नसतील तर भिजवून खा म्हणावं."
संध्याकाळी मागच्या पायरीवर बुआफानला विचारलं, हे काय आहे?
ती म्हणाली, "पहिल्या वर्षी लोकांनी विचारलं, भांडं लाथाडून गेलेला जावई कुठे आहे? माझ्या तोंडून निघून गेलं. त्याची आई आजारी आहे, तिकडे गेलाय. पुढच्या वर्षी आईनेच विचारलं, पुन्हा आईकडेच ना? हो म्हटलं. मग दरवर्षी हो म्हटलं."
मी म्हटलं, मला सांगायचं होतंस.
"सांगितलं असतं तर आला असतास?" मग जरा थांबून म्हणाली, "लोक तुला चांगलं म्हणायचे, हान. मला बरं वाटायचं. तू यंदा येतो म्हणालास तेव्हा मला धडकीच भरली."
ती पावसाळ्यापर्यंत तिथेच राहणार. मी राहू का, विचारलं. म्हणाली, कसा राहशील? आईने तुला तुझ्या आईकडे पाठवलंय ना.
आज सकाळच्या बसने परत. फाटकात सगळे निरोप द्यायला उभे. इंथोनने विमानतळापर्यंत सोडतो म्हणून हट्ट धरला, तो कसाबसा मोडला.

२० एप्रिल, शनिवार
दुपारी सासूबाईंचा फोन. नीट पोचलास ना? पोचलो, म्हणालो. आईने फळं खाल्ली का? खाल्ली, भिजवून. तिकडे थंडी असेल? आहे, अजून कोट घालावा लागतो, म्हणालो. पांघरूण घेऊन झोप, म्हणाल्या. आवाज दमलेला होता.
इथे पारा चाळीसच्या वर गेलाय. फोन चालू असताना पा नोई नेमकी खिडकीखाली कुणाशी तरी गप्पा मारत उभी राहिली, म्हणून मी खिडकी लावून घेतली. पंख्याची घरघर तिकडे ऐकू जाईल म्हणून पंखाही बंद केला, आणि सासूबाई बोलत होत्या तोवर तसाच बसून राहिलो.