स्केलगार्थांचं बारावं घर

प्रिय ॲम्ब्रोज,

चौदा वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही, कारण तू कुठे आहेस हेच ठाऊक नव्हतं. परवा कळलं, तेही भर सभेत.

आमचे नवे मास्तर एल्फिक आडनावांच्या नादी लागलेत. चर्चशेजारच्या दालनात त्यांनी नकाशा टांगला. म्हणाले, 'स्केलगार्थ' म्हणजे खोपटाभोवतीचं कुंपण. आपल्या ओढ्याकाठच्या शेतावरूनच हे नाव पडलं. साऱ्या इंग्लंडात स्केलगार्थांची बारा घरं. अकरा आपल्याच खोऱ्यात. "आणि बारावं पार खाली, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर! तिथं कसं पोचलं, सांगेल का कुणी?" लोक हसले. मागच्या बाकावरून माझा दीर ल्यूथर उठला. भावाच्या खुनाचा सूड घ्यायची शपथ त्याने अजून सोडलेली नाही.

अरे वेड्या, जीव घेऊन पळालास आणि नाव तेवढं तसंच ठेवलंस?

त्याच संध्याकाळी ल्यूथरने मास्तरांना शाळेच्या भिंतीवर आपटलं, तुझ्या गावाचं नाव सांगेपर्यंत. दोन दात पडले बिचाऱ्यांचे. सकाळी मी स्टेशन गाठलं. तो फलाटावर उभा होता, कोटाखाली कोयता.

"ल्यूथर, घरी जा. सायलसला ॲम्ब्रोजने नाही मारलं."

"भावाची कड घेतेस? सायलस नवरा होता ना गं तुझा!"

"होता. लोकर कातरायच्या दिवशी त्याने माझं डोकं तीनदा दगडावर आपटलं. चौथ्यांदा आपटायच्या आत माझ्या हातातली कातर त्याच्या गळ्यात गेली. ॲम्ब्रोज नंतर आला. कातर हिसकावून म्हणाला, 'तू घरात जा,' आणि सगळ्यांच्या देखत रक्ताळल्या हातांनी डोंगर चढून पळाला."

ल्यूथरने कोयत्याचा दांडा माझ्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा तडाखा तोंडावर. हमालांनी त्याला खाली पाडलं म्हणून वाचले. आता डाव्या हाताने लिहितेय.

फौजदाराला जबानी दिली आहे. तो दाराशी थांबलाय. भला माणूस, पत्र पुरं करू देतोय. फाशी होईल की सुटेन, देव जाणे. पण तुझा स्वभाव मी ओळखते. बातमी कळताच धावत येशील आणि पुन्हा म्हणशील, 'मीच मारलं.' येऊ नकोस, ॲम्ब्रोज. तेव्हा मी गप्प राहिले, त्याची लाज चौदा वर्षं गिळली. या वेळी माझं मला भोगू दे.

तुझीच बहीण,
हेस्टर