पहिला टॅपेट कुठला

उमरगा,
१४ मार्च १९८२

प्रिय गुलाब,

जय भीम. दुकानासमोर गाडी लावताना तू रोज हे म्हणायचास आणि मी हातातला पाना खाली न ठेवता नुसती मान हलवायचो. आज पहिल्यांदा लिहून बघितलं. नऊ वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इथं सगळे धडधाकट आहेत. हे माझं चौथं पत्र. आधीची तीन अर्ध्यातच राहिली. एकात मी तुला दोष दिला, दुसऱ्यात स्वतःला, तिसऱ्यात इंजिनाला, आणि वाचून बघितलं तर तिन्ही खरी वाटली. आता हे चौथं जसं सुचेल तसं लिहितो, तू आपल्या मनानं जुळवून घे.

गेल्या आठवड्यात तुझ्या कारभारीण मालनबाई आल्या होत्या. कुणाच्या तरी लग्नाला उमरग्याला आल्या आणि वाट वाकडी करून दुकानात आल्या. तू तिकडं ईट गावात कुणाचा तरी ट्रॅक्टर चालवतोस, तेही हंगामापुरतंच, हे त्यांच्याकडूनच कळलं. नव्या साखर कारखान्यात ड्रायव्हर घेतायत, तू अर्ज केलास, बावीस तारखेला सोमवारी तुला बोलावलंय, आणि कारखान्याच्या ऑफिसानं तुझे जुने कागद आपल्या सोसायटीकडून मागवलेत, हेही त्यांनी सांगितलं. चहा घेतला. मग पदर सावरून एवढंच म्हणाल्या, "मिस्त्री, तवाचा त्यो कागद तुमीच लिवलाय नव्हं? काय लिवलंय त्याच्यात तेवढं सांगा." मी म्हटलं, लई दिवस झाले, आठवत नाही. गुलाब, मला अक्षर न् अक्षर आठवतं. बाई गेल्या आणि मी पुढ्यातल्या गाडीचं चाक उलट्या बाजूनं आवळत बसलो.

तर तेव्हाचं. बहात्तरचा दुष्काळ पुढच्या वर्षात शिरला होता. सोसायटीचा एकच ट्रक, तो बारा महिने तेरा काळ पळत होता. उस्मानाबादहून मिलो, ती सरकारी तांबडी ज्वारी, आणायची, दुष्काळी कामाच्या खडी केंद्रांवर पोचवायची, परत येताना मिळालं तर पाण्याची पिंपं. सहा सिलिंडरचं जुनं इंजिन, मरायला टेकलेलं, पण तुझ्या हाताखाली शहाण्यासारखं वागायचं. तू सकाळी दांडी काढून तेल बघायचास, फडक्याला पुसायचास, पुन्हा बघायचास. मी तुला चिडवायचो, की बायकोची नाडी तरी इतकी बघतोस का रे. तू हसायचास. हे मी मुद्दाम लिहितोय. तू तेल बघायचास हे मी रोज डोळ्यांनी बघितलंय, हे या पत्रात आधी येऊ दे.

पौषात ते इंजिन माझ्याकडं उघडलं. व्हॉल्व घासायचे होते, आणि आत गाळ फार साठला होता म्हणून मी बाराच्या बारा टॅपेट बाहेर काढले. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण मलाच पुन्हा मांडून बघायचंय. कॅमशाफ्टवर बारा उंचवटे, प्रत्येकावर एक टॅपेट, उंचवट्यानं ढकलला की व्हॉल्व उघडणारा. दिसायला सगळे सारखे, कुठलाही कुठंही बसतो. पण वर्षानुवर्षं एकाच उंचवट्यावर घासून त्याचा तळ त्याच उंचवट्यापुरता झिजलेला असतो. ज्याचा त्यालाच द्यावा लागतो. जुन्या इंजिनात अदलाबदल झाली की दोघंही एकमेकांना खायला लागतात, महिन्या-दोन महिन्यांत टॅपेटाचा तळ खोलगट होतो आणि उंचवटा बसका. म्हणून मी काढतानाच ते ओळीनं ठेवत गेलो. पोतं अंथरलं, रॉकेलमध्ये एकेक धुतला आणि ओळीत मांडला. माझी ओळ कधी चुकली नाही. आजही नाही चुकत.

त्याच दिवशी मला अणदूरला जायचं होतं. खंडोबाला बोललेला नवस, तीन रविवार टळलेला. शिवकांता घरी बोलायची थांबली होती, म्हणजे प्रकरण गंभीर. इकडं सोसायटीचे चेअरमन अण्णासाहेबांचा निरोप, गाडी उद्या सकाळी केंद्रावर पाहिजे, लोक खडी फोडून उपाशी बसतील. तू म्हणालास, "जावा तुमी मिस्त्री. म्या बसवतो. वळीनं लावलेत की." मी गेलो. दिवस मावळायच्या आत परत आलो, तेव्हा तू सगळे टॅपेट आत टाकून हात धुवून बसला होतास. मी पुढचं जोडलं, फीलर गेजच्या पातळ पट्ट्या घालून टॅपेटांच्या फटी बसवल्या, इंजिन चालू केलं. इतका गोड आवाज त्या इंजिनानं आधी कधी काढला नव्हता. तुझ्या पाठीवर थाप मारल्याचं मला आठवतं.

मग दोन महिन्यांनी टकटक सुरू झाली. मी फट कमी केली, आवाज गेला. आठ दिवसांनी पुन्हा. पुन्हा फट कमी केली. तू म्हणायचास गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, आणि मी म्हणायचो गाडी म्हातारी झाली, तू आणि मीही होणार आहोत. खरं तर आवाज बंद झाला की मला वाटायचं दुखणं बंद झालं. चैत्रात मिलोची पोती घेऊन नळदुर्गाच्या चढाला ती उभी राहिली ती राहिलीच. दोन केंद्रांवर त्या दिवशी धान्य पोचलं नाही. बायका पोरं घेऊन रस्त्यावर येऊन बसल्या, तहसीलदार आले, आणि कुणी केलं, कुणी केलं असं सुरू झालं.

मी पुन्हा इंजिन उघडलं. चार उंचवटे पार बसलेले, टॅपेटांच्या तळाला वाट्या पडलेल्या, तेलात चंदेरी चुरा. सोसायटीत सगळे म्हणाले, ड्रायव्हरनं तेल न बघता गाडी पळवली. आता तुला ते सांगतो, जे मी कुणालाही सांगितलं नाही. तेल कमी पडलं असतं तर आधी बेअरिंगं गेली असती. मी बेअरिंगं काढून बघितली. ती चकाचक होती, नुसता हात फिरवला तरी कळत होतं. मी ती परत बसवली आणि बुचकळ्यात पडलो. तेल होतं, तर कॅम का खाल्ला? टॅपेट मी ओळीनं लावले होते, तू ओळीनं बसवले होतेस, तू काही आंधळा नव्हतास. मग तिसरं काय? तेवढ्यात अण्णासाहेबांनी ऑफिसात बोलावलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. मी बेअरिंगांचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "लांबड नगं मिस्त्री. तेल कमी पडल्यानं कॅम झिजतो का न्हाय, तेवढंच लिवून द्या." आता झिजतो की नाही? झिजतो. मी लिहिलं, 'तेल कमी पडल्यास कॅम झिजतो.' खाली सही केली. या वाक्यात एक शब्द खोटा नाही, आणि त्या एका वाक्यावर तुझी नोकरी गेली.

आता घरची बातमी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. माघात आमच्या व्यंकटचं लग्न झालं. सून द्वारका, चांगली आहे, हसरी आहे. आमच्या सोप्यात तिन्ही पोरांचे मॅट्रिकच्या वेळचे फोटो मीच लावलेत. लग्नाच्या गडबडीत बिचारीनं कुणाला नीट बघितलंही नव्हतं, म्हणून फोटो बघून तिनं दीर ओळखून ठेवले. पहिला तो थोरला, शेवटचा तो धाकटा. झालं काय, की दोन दिवस ती धाकट्या बिभीषणासमोर डोक्यावर पदर ओढून खाली मान घालून वाढत होती, आणि थोरल्या उत्तरेश्वराला, जो दोन पोरांचा बाप आहे, त्याला म्हणाली, भावजी, ताटात टाकायचं नाही हं, कान धरीन. सगळं घर हसून लोटपोट. मी म्हटलं, फोटो तर मी ओळीनंच लावलेत, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. तेव्हा शिवकांता भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी फोटो बी उर्दूतच लावलेत व्हय?"

गुलाब, माझा घास हातातच राहिला. मी निजामाच्या शाळेत शिकलो. चार यत्ता उर्दू. माझं पहिलं अक्षर उजवीकडं असतं. पाने मांडतो ते उजवीकडून, फोटो लावले ते उजवीकडून, आणि टॅपेटही. माझा पहिला टॅपेट पोत्याच्या उजव्या टोकाला होता. तू पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेल्यानंतरच्या शाळेत गेलास, मराठीत शिकलास. तू डाव्या टोकाचा उचललास आणि रेडिएटरकडून पहिल्या भोकात टाकलास. पहिल्याच्या जागी बारावा, दुसऱ्याच्या जागी अकरावा. तू म्हणालास 'वळीनं लावलेत' आणि मी म्हटलं हो, आणि आपण दोघंही खरं बोललो. इतकी वर्षं माझ्याकडं कामाला येऊन बसायचास, कधी एकमेकांना विचारलं नाही, की पहिला कुठला.

हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. उलट मी जास्तच गोंधळलो. हे खरं धरलं तर तू तेलाच्या आरोपातून सुटतोस, पण टॅपेट तुझ्याच हातानं उलटे गेले असं होतं. मग मी तुला सोडवलं की नव्यानं अडकवलं? आणि चूक तुझी कशी, ओळ तर माझी होती. आणि माझी तरी कशी, मी बरोबरच लावली होती. शिवाय मी तू टॅपेट टाकताना बघितलं नाही. तू चुकून उजवीकडूनच सुरुवात केली असशील तर? तो कॅम केव्हाच भंगारात गेला. आयुष्यभर लोक मला विचारतात, मिस्त्री, काय झालंय, आणि मी इंजिनाला कान लावून सांगतो. इथं कान कशाला लावू?

आणखी एक आहे, ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. त्या दिवशी ऑफिसात माझ्या गल्लीतलं, माझ्या भावकीतलं पोर ड्रायव्हर असतं, तर मी बेअरिंगांचं सांगितल्याशिवाय उठलो असतो का? तू तुमच्या वस्तीतला पगारावर लागलेला पहिला माणूस. तुझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा गावात काय काय बोललं गेलं, मी ऐकलं होतं आणि उत्तर दिलं नव्हतं. सोसायटीत 'ड्रायव्हरनं गाडी खाल्ली' म्हणताना त्या लोकांच्या मनात ड्रायव्हर हा शब्द नव्हता, तुझी जात होती, ते मला कळत होतं. मी भ्यालो की मलाही तसंच वाटत होतं? किती उलटंसुलटं केलं तरी मला याचं उत्तर येत नाही. नाही येत, एवढं तरी तुला खरं सांगतो. मला लाज वाटते, गुलाब.

आणि तू. तुला ऑफिसात तीनदा बोलावलं. तुला एवढंच म्हणायचं होतं, की मिस्त्री त्या दिवशी गाडी सोडून अणदूरला गेले होते आणि टॅपेट मला बसवायला लावले. सोसायटीचं काम माझ्याकडून त्याच दिवशी गेलं असतं आणि तुझ्यावरचा दोष निम्मा झाला असता. तू म्हणाला नाहीस. माझं दुकान चालावं म्हणून गप्प राहिलास, की तुला मुळात माहीतच होतं, की तुझ्या बोलण्याला तिथं किंमत नाही? पहिलं असेल तर मी तुझे पाय धरायला हवेत, दुसरं असेल तर कुणाचे धरावेत ते मला समजत नाही.

आता कशासाठी लिहितोय ते. काल सकाळी मी अण्णासाहेबांकडं नवा कागद देऊन आलो. त्यात बेअरिंगांचं लिहिलंय. तू रोज तेल बघायचास, हे लिहिलंय. आणि लिहिलंय, की टॅपेट मी, बब्रुवान मिस्त्रीनं, माझ्या हातानं काढले आणि माझ्या हातानं उलटे बसवले. अण्णासाहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, मला बस म्हणाले नाहीत, पण कागदावर शिक्का मारून तो तुझ्या जुन्या कागदांसोबत कारखान्याकडं पाठवायला दिला. सोसायटीच्या दोन गाड्या माझ्या दारात उघडून पडल्या होत्या, त्या दुपारी ओढून नेल्या. त्याचं काही नाही. पण तू खरं बोलणारा माणूस आहेस, आणि सोमवारी ते तुला विचारतील, टॅपेट कुणी बसवले. तू 'म्या' म्हणशील, याची मला भीती आहे. नऊ वर्षांपूर्वी खरं लिहून मी तुझं वाटोळं केलं, आता हे खोटं आहे की खरं, मला खरंच सांगता येत नाही, पण या वेळी ते तुझ्या बाजूनं आहे. तेव्हा माझ्यासाठी गप्प बसलास. सोमवारी मालनबाईंसाठी आणि स्वतःसाठी बस. मिस्त्रीनं बसवले, एवढंच म्हण आणि गाडीची किल्ली घे.

तुझाच, असं लिहायचा हक्क राहिला असेल तर,
बब्रुवान