जावईबापूंचं दुखणं

४ मार्च

जावईबापू ओकले! सकाळी सव्वासातला, थेट माझ्या गमबुटावर. चार-पाच चिकट दाणे. मी रुमालाने पुसले आणि रुमाल पिशवीत कोंबला. कुणी बघितलं नाही. आमच्या प्रमुख मॅडम पंधरा दिवस दुसऱ्या पक्षी-प्रजनन केंद्रावर गेल्यात आणि चार नंबरचा पिंजरा एकट्या माझ्या जिवावर. नेमकं आत्ताच!

या निळ्या डोक्याच्या पोपटांची आमच्याकडे एकच जोडी— म्हणजे जोडी व्हायची आहे. ठमी इथलीच. तिच्यासाठी हा नर विमानाने आणला, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणतात. अंड्यांचा हंगाम महिनाअखेरीस संपतो. ठमीचं वय झालंय, मॅडमच्या मते तिचा हा शेवटचाच. आणि बापू ओकतायत.

५ मार्च

परत ओकले. कारण मला माहीत आहे. परवा भिजवलेलं धान्य फ्रीजमध्ये ठेवायला विसरले. वास घेतला, बरा वाटला, तेच दिलं. दोन मुलं वाढवलेली बाई मी, सेहेचाळीस वर्षांची! घरात कधी शिळं दिलं असतं का मुलांना?

६ मार्च

डॉक्टरांची आठवड्याची फेरी. ‘काही विशेष?’ त्यांनी विचारलं. ‘नाही,’ मी म्हणाले! का म्हणाले? त्यांनी वजन, डोळे, विष्ठा, सगळं बघितलं. ‘ठणठणीत आहे की!’ त्यांच्यासमोर बापू शहाण्यासारखे गप्प बसून होते. अजूनही सांगता आलं असतं. मी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

कबूल करते, इथे तरी. इंटर्नशिप संपली की कायमची एकच जागा आहे, ती चार नंबरची. ‘जोडी जमली तर ती तुमचीच,’ मॅडम म्हणाल्या होत्या. वीस वर्षं दुकानात कापड मोजल्यावर पहिल्यांदा असं काम मिळालंय की सकाळी गजराआधी जाग येते. शिळं धान्य घालून पक्षी मारला, हे कळल्यावर मला दारात तरी कोण उभं करेल?

८ मार्च

लेकीचा फोन. ‘मी नोकरी करतेय आणि आई इंटर्न. आपल्या घरात सगळं उलटंच!’ हसले. सांगावंसं वाटलं, धीर झाला नाही.

९ मार्च

आज दोनदा.

११ मार्च

आता रोज दोन तास त्याच्यापाशी बसते. धान्य तीनदा धुते, पाणी उकळून गार करते. मी आत गेले की बापू लगेच खांद्यावर. मान ताणतात, डोकं वरखाली करतात— बिचाऱ्याला किती मळमळत असेल— आणि सगळं माझ्या कॉलरीत.

ठमी जवळ आली की मात्र अंगावर धावून जातात. आजारी माणसाला कुणी नकोसं होतं, तसंच. ती आपली कोपऱ्यात बसून लाकूड कुरतडते. दोघांचं काही जमेल असं वाटत नाही.

वजन सहा ग्रॅमने वाढलंय. वजनकाटासुद्धा बिघडला वाटतं.

झाडलोट करणारे काका म्हणाले, ‘ताई, हा तुमचा पिच्छा सोडत नाही हो.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, धूळ गेली.

१३ मार्च

मोबाईलवर ‘पोपट ओकतो’ म्हणून शोधलं. दुसऱ्याच ओळीत मरण. फोन बंद करून ठेवला.

१५ मार्च

मलाच ताप. एकशेदोन. तापात पक्ष्यांजवळ जायचं नाही हा नियम, म्हणून घरी. काकांना ‘कुणाला सांगू नका’ म्हणून चार फोन केले.

‘ओकला का?’

‘छे! मजेत आहे. तुम्ही झोपा बघू.’

माझं समाधान करायला म्हणत असतील.

१६ मार्च

ताप आहेच. काका म्हणतात, आजही नाही ओकला. म्हणजे माझ्याच हाताचा काहीतरी दोष आहे. साबण? क्रीम? सगळं आठवून पाहिलं, डोकं फुटायची वेळ आली.

१८ मार्च

सांगून टाकलं. मॅडम आल्या आल्या, त्यांच्या खोलीत, उभ्या-उभ्याच— शिळं धान्य, ओकाऱ्या, डॉक्टरांशी खोटं बोलले ते, सगळं. माझ्याहून बारा वर्षांनी लहान मुलीसमोर हुंदके देऊन रडले. त्या म्हणाल्या, ‘आत जा. मी जाळीबाहेरून बघते.’

गेले. बापू झेपावलेच! खांदा, मान, डोकं वरखाली, आणि कॉलरीत दाणे. मॅडम जाळी धरून हसायलाच लागल्या.

‘अहो ताई, ओकत नाहीये तो! भरवतोय! नर असाच भरवतो मादीला, पोटातून वर काढून. हा माणसांच्या हातावर वाढलाय ना... त्याने तुम्हाला पसंत केलंय!’

आजारी नाही! मी काही केलेलं नाही! मी पण हसले, पोट दुखेपर्यंत. चौदा दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मग मॅडम एकदम थांबल्या. कोपऱ्यातल्या ठमीकडे बघत राहिल्या. ‘तुम्ही नव्हतात त्या दोन दिवसांचं कॅमेऱ्यातलं बघू या,’ एवढंच म्हणाल्या.

१९ मार्च

बघितलं. सोळा तारखेला, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, बापू ठमीशेजारी जाऊन बसले. मान ताणली. ठमीने चोच उघडली. त्याने भरवलं. एकदा नाही, सहा वेळा.

पिंजरा माझा, म्हणून सोळा तारखेची नोंद मलाच करायला सांगितली. ‘त्या दिवशी वेगळं काय होतं?’ असा शेवटचा रकाना असतो.

लिहिलं— मी आले नव्हते.